आडवं जंगल

हेलिकॉप्टर तिला उतरवून लगेच परत फिरतं.
उडालेला बर्फ खाली बसेपर्यंत
मुसेने पुस्तकांची पिशवी पोटाशी धरून उभी.
एप्रिल सरत आला, तरी यामालवर
हिवाळ्याने अजून बिछाना गुंडाळलेला नाही.
शाळेत ती झोया असते; तिथे भिंतीतून गरम पाणी येतं.
इथे पुन्हा मुसेने, म्हणजे तळ हलवताना वाटेत जन्मलेली.
आई हादने. ती हिमवादळातली.

चुमात, शेगडीच्या उजेडात भूगोल उघडतो.
दोन पानांवर पसरलेलं जग:
मधोमध गर्द हिरवा, शाई सांडल्यासारखा,
वाळवंटं हळदीची, गवताळ मैदानं उन्हात विटलेली,
आणि सगळ्यात वर, काठ उसवून लोंबावा तशी
एक राखाडी चिंधी.
"हे आपण."
हादने त्यावर बोट ठेवते.
बोटाखाली चिंधी संपते,
शेजारचा समुद्रही थोडा झाकला जातो.
"काय लिहिलंय?"
"झाडे नाहीत. वस्ती विरळ."

हादने बूट चढवते.
"चल."

टेकाडावर वाऱ्याने बर्फ खरवडून नेलाय.
ती गुडघ्यावर बसते, हातमोजा दातांनी ओढते
आणि शेवाळातून एक फांदी उचलते,
करंगळीएवढी जाड, जमिनीला चिकटून गेलेली,
कळ्यांना लव, नुकत्या जन्मलेल्या पाडसाच्या कानासारखी.
"विलो. माझ्या आईच्याही आधीचं.
उभं राहिलं असतं तर वाऱ्याने कधीच मोडलं असतं.
आपण जंगलावर उभ्या आहोत, पोरी.
ते आडवं झालंय एवढंच.
पाय जपून टाक."

मुसेने पाय जपून टाकते.
मग विचारते, कळपाकडे बघत,
"बाकीचे कुठेत?"

नोव्हेंबरात पाऊस पडला.
बर्फ नाही. पाऊस.
एक रात्र, आणि सकाळी सगळा टुंड्रा
काचेखाली.
रेनडियरचा चारा, ते पांढरं दगडफूल,
चार बोटं खाली, जसंच्या तसं.
त्यांना वास येत होता.
खूर आपटून आपटून त्यांनी काचेवर
लाल ठिपके काढले.

किती गेले, हादने सांगत नाही.
घसरगाडीतले जुंपायचे पट्टे दाखवते,
नीट गुंडाळलेले, एकावर एक.

केस आतून पोकळ, म्हणून ऊब धरून ठेवतात.
खुराजवळची चरबी गोठत नाही, कडाक्यातही मऊ.
हे जमायला किती हिवाळे लागले असतील,
कोणी मोजलेले नाहीत.
पावसाला एक रात्र पुरली.

धड्याखाली प्रश्न आहे:
अनुकूलनाची तीन उदाहरणे द्या.
मुसेने पहिलं लिहिते. विलो.
दुसरं लिहिते. केस.
तिसऱ्या आकड्यापुढे पेन्सिल थांबते,
टोकाने कागदाला बारीक भोक पडतं.

"डोळे लिही," हादने चहा ओतत म्हणते.
"कसले डोळे?"
"उन्हाळ्यात आतून सोनेरी असतात.
अंधार लागला की निळे होतात,
थेंबभर उजेडसुद्धा वाया जाऊ नये म्हणून."
मुसेने हसते. निळे! छे.
मग हसू ओठांवरच राहतं.
सात वर्षांची झाल्यापासून
तिचा एकही हिवाळा इथे गेलेला नाही.
ती येते तेव्हा डोळे सोन्याकडे निघालेले असतात,
ती जाते तेव्हा सोनंच असतं.

रात्री, म्हणजे जी काही रात्र उरलीय तिच्यात,
ती एकटीच बाहेर येते.
म्हातारा नर, कळपापुढे चालणारा, रवंथ करतोय.
ती मोबाईलचा उजेड त्याच्या तोंडावर धरते.
तो पापणी मिटत नाही.
निळा नाही. सोनेरीही नाही.
शेवाळी, गढूळ, मधलंच काहीतरी,
पुस्तकातल्या नकाशात नसलेला रंग.

उजेड विझवून ती तशीच उभी राहते.
तो तिचा बाहीचा काठ हुंगतो,
तिथे अजून शाळेच्या साबणाचा वास आहे,
आणि मान वळवून पुन्हा चघळायला लागतो.